ओढलं की मागं जाणारा ठोकळा

सोमवारी संध्याकाळी मृण्मयी कॉलेजातून आली ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. इंदुताईंना एवढंच दिसलं, की नातीच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत सकाळी लाल होती ती आता पिवळी आहे. सून सुप्रिया हैदराबादच्या आबिड्स भागातल्या ऑफिसातून अजून यायची होती, पण कॉलेजचा मेसेज तिला बसमध्येच गाठून गेला होता. तिनं लगेच सासूला फोन केला. "आई, आपली मृण्मयी मोतीत गेली," ती म्हणाली, आणि आवाज असा, की ऐकणाऱ्यानं आधी दवाखान्याचं नाव विचारावं.

मेरुशिखर ज्युनियर कॉलेजात दर रविवारी परीक्षा होते, सोमवारी क्रमांक लागतात आणि क्रमांकाप्रमाणे मुलं वर्ग बदलतात. सगळ्यांत वरचा वर्ग हिरा, त्याखाली मोती. त्याखालच्या वर्गांना रत्नं पुरली नाहीत म्हणून नुसती अक्षरं दिली आहेत. हिऱ्यात एसी असतो, शंका विचारायला वेगळा तास असतो आणि समोर हाडामांसाचे सर असतात. मोतीत त्याच सरांचं हिऱ्यातलं व्याख्यान दुसऱ्या दिवशी पडद्यावर दाखवतात. पडद्याला शंका विचारता येत नाही, आणि संस्थेच्या दृष्टीनं ही पडद्याची मोठीच सोय आहे. शिवाय येत्या रविवारनंतर वर्ग गोठणार होते. जो जिथं असेल तिथंच प्रवेश परीक्षेपर्यंत राहणार.

इंदुताईंनी दार वाजवलं, आत गेल्या, आणि हात पुढं केला. मृण्मयीनं प्रश्नपत्रिका दिली. एकाच प्रश्नावर घसरण झाली होती. दहा किलोचा ठोकळा टेबलावर ठेवलाय. ठोकळा आणि टेबल यांच्यातला घर्षणाचा गुणांक अर्धा. ठोकळ्याला दोरी बांधून आडवं ओढलंय, दोरीतला ताण वीस न्यूटन. ठोकळा हलत नाही. घर्षण किती?

मृण्मयीनं वीस लिहिलं होतं. कॉलेजचं उत्तर होतं पन्नास.

इंदुताई काचीगुड्याच्या जुन्या घराण्यातल्या. सासरे निजामाच्या काळापासून सरकारी शाळेत हेडमास्तर, आणि त्या स्वतः सरकारी महिला कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गात मुली बेशुद्ध पडल्या, छत गळलं, संपामुळे खडू आले नाहीत, तरी त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. तो त्या दिवशी चढला. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तो सौजन्यानं नव्हे.

"अगं, दोरी वीसनं पुढं ओढतेय आणि टेबल पन्नासनं मागं ओढतंय, तर ठोकळा उभा कसा राहील? मागं पळत सुटेल. पुढं ओढलं की मागं जातो असा ठोकळा तुमच्या सरांनी कुठून आणला?"

मृण्मयीनं वर्गात हेच विचारलं होतं. पण सीबीएल सर म्हणाले, की घर्षण जास्त आहे म्हणूनच ठोकळा थांबलाय, वीस विरुद्ध पन्नास, घर्षण जिंकलं. मग सगळ्या वर्गाकडून त्यांनी सूत्र मोठ्यानं म्हणून घेतलं, घर्षण बरोबर म्यू एन, म्हणजे गुणांक गुणिले ठोकळ्याचं वजन, अर्धा गुणिले शंभर. "और आज्जी, सब हसले मला," मृण्मयी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

सीबीएल सर कोण, हे हैदराबादेत विचारायचं नसतं. इथं मास्तर मोठा झाला की त्याचं नाव गळून पडतं आणि आद्याक्षरं उरतात. त्याहून मोठा झाला की तो फलकावर चढतो. सीबीएल सर चौकाचौकांत हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्या पायाशी लिहिलं होतं, 'अर्ध्या मिनिटात उत्तर'. उत्तर बरोबर असेल, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. संस्था तेवढी सावध होती.

रात्री जेवताना सुप्रियानं आपलं म्हणणं मांडलं. ते नवं नव्हतं. त्या कॉलेजातल्या बहुतेक आयांचं तेच होतं. कॉलेजच्या परीक्षेत कॉलेजचं उत्तर लिहायचं आणि खऱ्या परीक्षेत खरं. पोरीनं दोन्ही पाठ करावीत, वय आहे तिचं. योगेशनं, म्हणजे इंदुताईंच्या मुलानं, सिकंदराबादला रेल्वेत इतकी वर्षं काढली होती, की वाद सुरू झाला की त्याला आपोआप ड्यूटी आठवायची. ती आठवली आणि तो ताट घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी इंदुताई बेगम बाजारात गेल्या. मिरचीच्या पोत्यांमधून वाट काढत त्यांनी एक स्प्रिंगचा काटा आणि दोरीचं बंडल घेतलं. दुकानदारानं विचारलं, काय तोलायचंय अम्मा? इंदुताईंनी सांगितलं, एक कॉलेज.

मेरुशिखरचे डीन भास्करम यांच्या खोलीत जायला बराच वेळ बसावं लागलं. समोरच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते. मुलं हसत नव्हती. त्यांच्या शेजारी सीबीएल सर मात्र हसत होते. शेवटी आत बोलावणं आलं. डीन गोड माणूस होता. त्यानं पाणी मागवलं, चहा मागवला, मृण्मयी फार हुशार बेबी आहे म्हणाला, आणि प्रश्नाकडं न पाहताच म्हणाला, की उत्तर मुख्यालयातून येतं, सगळ्या शाखांना एकच येतं, त्यामुळे ते चुकीचं असू शकत नाही.

इंदुताईंनी चहा बाजूला ठेवला, पिशवीतून दोरी काढली आणि खाली वाकून डीनच्या टेबलाच्या पायाला बांधली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काटा अडकवला आणि ओढायला सुरुवात केली. काटा पाच किलोवर आला. टेबल जागच्या जागी.

"आता बघा," त्या म्हणाल्या. "मी एवढंच ओढतेय. तुमच्या सूत्रानं या टेबलाचं घर्षण यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते सगळं तुमच्या बाजूला. म्हणजे हे टेबल आता तुमच्या पोटात शिरायला पाहिजे."

डीननं खुर्ची थोडी मागं घेतली. टेबल आलं नाही. त्यानं अंमळ वाट पाहिली, आणि मग त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, मॅडम, टेबल हललं नाही, म्हणजे आमचंच सूत्र बरोबर आहे की.

इंदुताईंनी त्याला समजावलं. स्थिर वस्तूवर घर्षण गरजेपुरतंच लागतं. वीसनं ओढा, वीस; तीसनं ओढा, तीस. पन्नास ही त्याची शेवटची ताकद आहे, रोजचा पगार नव्हे. त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, तेलुगूत सांगितलं, आणि धीर सुटायला लागला तेव्हा ठेवणीतल्या दखनी उर्दूतही सांगितलं. डीन प्रत्येक भाषेत मान हलवत राहिला. मग म्हणाला, "छोड दो ना मॅडम, एक सवाल की बात है." एक प्रश्न. ज्या एका प्रश्नावर पोरीच्या गळ्यातली फीत बदलते, तो एक प्रश्न म्हणे सोडून द्या.

त्या तणतणत बाहेर पडल्या, तर जिन्यापाशी खुद्द सीबीएल सर उभे. फलकावरच्यापेक्षा बरेच बुटके आणि बरेच थकलेले. हातात पाण्याची बाटली. इंदुताईंनी त्यांना तिथंच थांबवलं आणि प्रश्न तोंडपाठ म्हणून दाखवला. एका अडाण्याला कसं सरळ करायचं, याची सगळी तयारी त्यांनी बसमध्ये केली होती.

"वीस," सीबीएल सर म्हणाले.

इंदुताईंची सगळी तयारी वाया गेली.

सरांनी आवाज खाली घेऊन सांगितलं ते असं. चूक छापताना झाली, त्यांच्या लक्षात त्याच दिवशी आली. पण तोवर क्रमांक लागले होते, पालकांना मेसेज गेले होते, सगळ्या शाखांत पहिली आलेल्या मुलीचा फोटो फलकावर चढला होता. आता उत्तर बदललं तर सगळी उतरंड ढासळते. वरून सांगणं आलं, की हेच उत्तर शिकवा. "मेरे भी बच्चे हैं मॅडम," ते म्हणाले आणि हिऱ्याच्या एसीत शिरले.

घरी येईपर्यंत आपला राग कुठं ठेवावा हे इंदुताईंनाच कळेना. अज्ञान असतं तर त्यांनी ते दूर केलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. हा माणूस सगळं समजून उमजून शंभर मुलांकडून चुकीच्या जागी लावलेलं सूत्र कोरसमध्ये म्हणून घेत होता, आणि ज्या एका मुलीला बरोबर कळलं तिच्यावर वर्गाला हसवत होता. त्यांनी संध्याकाळी कणीक अशी मळली, की पोळ्या दोन दिवस मऊ राहिल्या.

तो आठवडा मृण्मयी मोतीत बसली. पहिल्या दिवशी पडद्यावर सीबीएल सर आले, घर्षण जिंकलं म्हणाले, आणि मागच्या बाकावरच्या सबीहानं तिला हळूच विचारलं, की हे तुला पटतं का. मृण्मयीनं गळ्यातली पिवळी फीत काढली, डब्याच्या कडीला बांधली आणि बाकावर ओढली. हलकेच ओढल्यावर डबा हलेना. आता हा उलटा का जात नाही, असं तिनं विचारलं. सबीहानं तेच आपल्या शेजारणीला विचारलं. मधल्या सुट्टीपर्यंत मोतीतल्या सगळ्या मुली आपापले डबे ओढत होत्या. पडद्यावर सर बोलतच होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

शनिवारी दुपारी मृण्मयी स्वयंपाकघरात आली. इंदुताई शेंगा निवडत होत्या, सुप्रिया चटणी वाटत होती. आदल्या आठवड्यात वाद झालेला प्रश्न पुढच्या रविवारी रूप बदलून यायचाच. मृण्मयीनं विचारलं, "उद्या आला तर काय लिहू?"

सुप्रियानं मिक्सर बंद केला.

इंदुताईंच्या जिभेवर पन्नास आलं. अगदी दातांपाशी. एकदा पन्नास लिहिलं की पोरगी हिऱ्यात जाते, वर्षाचा प्रश्न मिटतो, सुप्रिया शांत झोपते. आणि ते जिभेवर आलंय हे लक्षात येताच त्यांना असा संताप आला, की हातातली शेंग तुटली. सत्तरी ओलांडलेल्या फिजिक्सच्या बाईच्या तोंडात, तिच्याच स्वयंपाकघरात, चुकीचं उत्तर आणून ठेवण्याइतकी या लोकांची मजल गेली होती.

"तुला किती दिसतंय ते लिही," त्या म्हणाल्या.

"मी हिऱ्यात नाही जाणार मग."

"माहितीय मला."

सुप्रियानं मिक्सर पुन्हा सुरू केला. चटणी कधीच वाटून झाली होती.

रविवारी प्रश्न आला. या वेळी टेबलावर तोच दहा किलोचा ठोकळा, दोरी कडेच्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिला तीन किलोची बादली लटकवलेली. सगळं स्थिर आहे, घर्षण किती? म्हणजे दोरीतला ताण तीस, घर्षण तीस. मुख्यालयाचं उत्तर पन्नास.

सोमवारी क्रमांक लागले नाहीत. मंगळवारी पालकांना बोलावणं आलं. मोतीतल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं होतं, हे मुख्यालयाच्या संगणकानं पकडलं होतं. एवढ्या मुली एकसारख्या चुकतात म्हणजे सामूहिक कॉपी. हिऱ्यात जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं होतं, पण ते संगणकाला अभ्यासाचं लक्षण वाटलं.

सुप्रियाला रजा मिळेना म्हणून इंदुताई गेल्या. डीनच्या खोलीत या वेळी चहा नव्हता. सीबीएल सर कोपऱ्यात बसले होते. भिंतीला लागून मृण्मयी, सबीहा आणि मोतीतल्या आणखी काही मुली, बाजूला त्यांचे घाबरलेले आईबाप. सबीहाचे अब्बा तर आधीच माफी मागून बसले होते, कशाबद्दल ते विचारायचं राहून गेलं होतं.

डीननं सबीहाला पुढं बोलावलं आणि विचारलं, तीस कुठून आणलं, कुणाचं पाहिलं.

"किसी का नै देखे सर," सबीहा म्हणाली. "बाल्टी लटक रई. पचास होता तो बाल्टी खुद-ब-खुद ऊपर आती ना? नै आ रई."

डीननं दुसरीला विचारलं, तिनंही बादलीच सांगितली. तिसरीनं स्वतःचा डबा काढून दाखवला. डीननं सीबीएल सरांकडं पाहिलं, सरांनी पाण्याच्या बाटलीकडं पाहिलं.

इंदुताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढायची जागा तो केव्हाच ओलांडून गेला होता. त्या म्हणाल्या, "विहिरीत सोडलेली बादली आपोआप वर येत असेल, तर या शहरात पाण्याचे टँकर कशाला लागतात? या मुलींनी विचार केला, म्हणून तुम्ही त्यांच्या आईबापांना चोरासारखं भिंतीला लावलंत. ज्यांनी केला नाही त्यांना एसी दिलात. तुमच्याकडं ज्ञानाचा दुष्काळ असता तर मी समजू शकले असते, पण तुमच्याकडं उत्तर आहे. ते त्या कोपऱ्यात बसलंय."

डीन बाहेर गेला. मुख्यालयाशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. परत आला तेव्हा त्याचा गोडपणाही परत आला होता. संस्थेनं मोठ्या मनानं निर्णय घेतला होता. दोन्ही रविवारची दोन्ही उत्तरं बरोबर धरली जातील. पन्नासवाल्यांचे गुण कायम, बाकीच्यांना मिळतील. कॉपीचा विषय संपला. मृण्मयी गुणांनी हिऱ्यात बसते, तिनं आजच जावं. बाकीच्या मुली मोतीतच राहतील, कारण दोन्ही उत्तरं बरोबर म्हटल्यावर हिऱ्यातल्या कुणाचंच काही कमी होत नाही. तीस एवढंच बरोबर धरलं असतं तर मोतीतल्या कितीतरी मुली वर गेल्या असत्या आणि हिऱ्यातली तितकीच मुलं खाली आली असती. तसं करणं संस्थेला शक्य नव्हतं. हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं, की काही पालकांनी आभारही मानले.

डीननं खणातून लाल फीत काढून टेबलावर ठेवली. मृण्मयी पुढं आली, पण तिनं फीत उचलली नाही. ती सीबीएल सरांकडं वळली.

"सर, एंट्रन्समध्ये काय लिहायचं?"

सरांनी डीनकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग भिंतीला लागून उभ्या मुलींकडं पाहिलं, आणि त्या सगळ्या त्यांच्याकडंच पाहत होत्या. पडद्यावरून त्यांना या मुली कधी दिसल्या नव्हत्या.

"तीस," ते म्हणाले. "मागच्या वेळी वीस. तुझं दोन्ही वेळा बरोबर होतं."

डीन घाईनं म्हणाला, की बरोबर आहे, फिजिक्सच्या बाजूनं तीस, कॉलेजच्या बाजूनं दोन्ही.

मुली बाहेर पडल्या. मृण्मयीच्या हातात लाल फीत होती आणि गळ्यात पिवळी. हिरा डाव्या हाताला, मोती उजव्या. सबीहा आणि बाकीच्या उजवीकडं वळल्या. मृण्मयी मध्येच थांबली. इंदुताईंना तिच्या मनातलं कळलं, आणि पोरगी काही मोठं बोलायच्या आत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू कमावलेली जागा आहे ती. जा, तास बुडतोय. आणि आत कुणी पन्नास म्हणालं तर हात वर कर."

"हसतील आज्जी."

"हसू देत की."

मृण्मयी डावीकडं गेली. इंदुताईंनी दार लागेपर्यंत पाहिलं. मग त्या घरी जायला निघाल्या, आणि जिन्यापाशी पोचल्यावर थांबल्या. मोतीच्या दारातून सीबीएल सरांचा आवाज येत होता. कालचा, हिऱ्यातला. तो म्हणत होता, घर्षण जिंकलं.

इंदुताई वळल्या. मोतीत शिरल्या, भिंतीवरचं बटण दाबून त्यांनी पडदा बंद केला, आणि फळ्याखालचा खडू उचलला. दारावरच्या गार्डनं त्यांना अडवलं नाही. खडू हातात असलेल्या बाईला अडवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, आप नए मॅडम हैं क्या? इंदुताईंनी फळ्यावर टेबल काढलं, ठोकळा काढला, कप्पी काढली, बादली काढली.

"समतोलात कुणी जिंकत नाही," त्या म्हणाल्या. "हे आधी लिहून घ्या. आता मला सांगा, बादलीत आणखी एक किलो टाकला आणि ठोकळा तरी हलला नाही. घर्षण किती?"

मग मागून सबीहा म्हणाली, चाळीस. आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, चाळीस. कुणीतरी हळूच विचारलं, मॅडम, आणि पाच किलो टाकले तर? इंदुताईंनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, हा खरा प्रश्न, पन्नासचं काम इथं सुरू होतं.

तेवढ्यात दारात डीन भास्करम येऊन उभा राहिला. त्याच्या मागं गार्ड. डीननं तोंड उघडलं.

"बसायचं असेल तर शेवटच्या बाकावर जागा आहे," इंदुताई फळ्याकडंच तोंड ठेवून म्हणाल्या, "नसेल तर दार लावून घ्या. बाहेरचा आवाज आत येतो."

डीननं फळ्याकडं पाहिलं, मुलींकडं पाहिलं. मग त्यानं बाहेर जाऊन, अगदी हळू, दार लावून घेतलं.